लाल दिवा लुकलुकला पाहिजे, बस्स!

रिमोटवरच्या गाड्यांच्या रेस भरवणाऱ्या आमच्या क्लबने 'बॉक्स स्टॉक' क्लास बंद केला. म्हणजे दुकानातून आणलेला ट्रॅक्सस स्लॅश हा शॉर्ट कोर्स प्रकारचा रिमोटवरचा ट्रक जसाच्या तसा पळवायचा, तो वर्ग. कारण साधं होतं. एका क्लासला किमान तीन गाड्या लागतात आणि थंडीत तेवढ्याही जमत नव्हत्या. उरलेल्यांनी १७.५ शॉर्ट कोर्समध्ये यावं, असं नव्या नियमांच्या कागदावर एका ओळीत लिहिलं होतं: १७.५ ब्रशलेस, टू-एस लायपो, ब्लिंकी, रोअरमान्य. संपला कागद. (१७.५ म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे, टू-एस लायपो म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, रोअर म्हणजे अशा रेसचे नियम ठरवणारी अमेरिकेतली संस्था; ब्लिंकीचं पुढे येतंच.)

आम्ही मिशिगनला, डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. इथे हिवाळ्यात बाहेरच्या मातीच्या ट्रॅकचं नाव कुणी काढत नाही, सगळं आत कार्पेटवर. मंडळातले मित्र विचारतात, "अरे, ते मुलाचं खेळणंच ना?" त्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

मोटर बदलणं सोपं गेलं. स्लॅशची मूळ टायटन ५५० ब्रशवाली काढली, १७.५ सेन्सर्ड बसवली. ही मोटर सावकाश फिरते, म्हणून पिनियन (मोटरवरचं दातेरी चाक) मोठा आणि स्पर (पिनियन ज्याला फिरवतो ते चाक) लहान करावा लागतो. ते गणित चिरंजीवांनी केलं. बॅटरी हार्डकेसच घ्या, आणि चार्ज ८.४ व्होल्टला थांबवा, टेकच्या, म्हणजे रेसआधी गाडी तपासण्याच्या, टेबलावर मीटर लावतात. चार्जिंग लायपोच्या आगरोधक पिशवीतच. इथपर्यंत सगळं सुरळीत.

अडलो ते ईएससीपाशी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलरपाशी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २०१०च्या सुमारास ईएससीमध्ये असं सॉफ्टवेअर आलं, की वेग वाढेल तसं ते मोटरचं टायमिंग आपोआप पुढे ढकलायचं. त्याला बूस्ट म्हणतात. मोटर कागदावर १७.५, पळायला त्याहून कितीतरी तेज. ज्याचं सॉफ्टवेअर महाग तो पुढे. मग 'स्टॉक' नावाला काय अर्थ राहिला? म्हणून ब्लिंकी आलं: बूस्ट शून्यावर ठेवा, आणि तो शून्यावर आहे हे ईएससीने दिवा लुकलुकवून दाखवावं. नियम मला शंभर टक्के पटतो. राग आहे तो अंमलबजावणीवर.

आमचा ईएससी जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. आधीच क्लबला ईमेल केला, मॉडेलचं नाव दिलं, विचारलं की चालेल का. उत्तर आलं, रोअरची यादी बघा. यादीत आमचं मॉडेल होतं! निश्चिंत झालो. रेसच्या सकाळी टेकच्या रांगेत उभे राहिलो. तपासणाऱ्या काकांनी बॉडी बघितली, बंपर बघितला, मागचे मडफ्लॅप चाचपले, व्होल्टेज घेतलं, मग ईएससीवर हात धरून सावली केली आणि वाकून बघत राहिले. दिवा स्थिर. ते म्हणाले, लुकलुकत नाही.

मी म्हटलं, बूस्ट शून्यावर आहे, प्रोग्रॅम कार्डावर (ईएससीची सेटिंग्ज दाखवणारं छोटं यंत्र) दाखवतो. त्यांनी कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. मला दिवा दिसला पाहिजे, एवढंच. मी म्हटलं, यादीत आहे. ते म्हणाले, यादीत आहे, पण याच्यातलं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्यात शून्यालाही दिवा लुकलुकत नाही. मग हे कागदावर का नाही? ईमेलच्या उत्तरात का नाही? ते काका नुसतेच हसले. मागची रांग खोळंबली होती. मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, चला ना, बाजूला होऊ."

सॉफ्टवेअर बदलायला त्या कंपनीचा यूएसबीचा डबा लागतो आणि विंडोजचा लॅपटॉप. आमच्याकडे मॅक. रविवारी हॉबीचं दुकान दुपारी उघडतं. आणि क्लबने नियम बदलला, पण टेबलावर असा एक डबा ठेवावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. क्वालिफायिंगची पहिली फेरी गेली. दुसरी गेली. पाच-पाच मिनिटांच्या हीट्स, स्पीकरवर नावं पुकारली जातायत, आणि आम्ही पिटच्या टेबलांवरून हिंडतोय: डबा आहे का डबा? शेवटी बग्गीवाल्या एका आजोबांच्या पेटीत तो निघाला. लॅपटॉप त्यांच्या नातीचा. अपडेट व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही, म्हणून तर जास्त संताप आला.

परत टेबलावर. काकांनी पुन्हा हाताची सावली केली. दिवा लुकलुकला. स्टिकर लागला. मी थँक्यू म्हटलं, पण तोंडदेखलं.

वेळच नोंदली गेलेली नसल्यामुळे बी मेनमध्ये, म्हणजे मागे पडलेल्यांच्या अंतिम रेसमध्ये, सगळ्यात शेवटून सुरुवात. चिरंजीव तिसरे आले. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

एक राहिलंच. ब्लिंकीत ईएससीचं टायमिंग शून्य असतं, पण मोटरच्या मागच्या झाकणावरचं टायमिंग हाताने फिरवता येतं आणि ते नियमात बसतं. म्हणून सगळे ते फिरवतात, आणि मग मोटर तापते. टेंपरेचर गन जवळ ठेवा, १६० फॅरनहाइटच्या वर जाऊ लागलं तर पिनियन एक दात कमी करा.

ट्रान्सपाँडरचा (गाडीतली लॅप मोजणारी चिप) नंबर नाव नोंदवतानाच द्या, नाहीतर लॅप मोजलेच जात नाहीत. आपली रेस झाली की पुढच्या रेसला मार्शल म्हणून, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करायला, ट्रॅकवर उभं राहावं लागतं. टाळलंत तर तुमचाच लॅप कापतात. शॉर्ट कोर्सची बॉडी उडीवर हवा धरते आणि गाडी नाक वर करते. मागे भोकं पाडायचा मोह होईल, पण आधी किती चालतात ते विचारा. आणि सेकंडहँड ईएससी घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच बॅटरी जोडा, रेडिओ चालू करा आणि दिवा बघा. तो यादी दाखवू लागला तर पैसे खिशातच ठेवा.