यादीबाहेरचं

परवा दुपारी दुकानात शिरताना ट्रॉली ओढली तर तिच्या तळाशी कुणाची तरी वाणसामानाची यादी पडलेली. जुन्या बिलाच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली, चार घड्या घातलेली. साखर, मीठ, चहा, कपड्यांचा साबण, मग 'बिस्किटं' आणि त्यावर आडवी रेघ. चांगली ठाम रेघ होती, लिहिणाऱ्यानं विचार करून मारलेली. आणि सगळ्यात खाली, वेगळ्याच अक्षरात, पेन्सिलीनं, मोठ्ठं 'बीस्कीट'.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे लहानपणी आम्हाला बजावून सांगितलं होतं, पण दुसऱ्याच्या यादीबद्दल कुणीच काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी त्या बिनदिक्कत वाचते. या प्रकरणात शेवटी कोण जिंकलं असेल? मला वाटतं पेन्सिल. ट्रॉलीतल्या मुलांच्या जागेत बसून पाय हलवत कुणी ते पाकीट मागितलं असेल तर यादीवरची रेघ कितीशी टिकणार.

आमच्याकडे यादी करणं हा महिनाअखेरचा एक कार्यक्रमच असायचा. आई ओट्यापाशी उभी, मी खाली मांडी घालून, पुढ्यात कॅलेंडरचं पाठकोरं पान आणि बोटभर उरलेली पेन्सिल. आई डबे उघडून बघायची नाही, वाजवायची. टिचकी मारली की भरलेला डबा बद्द बोलतो, रिकामा खणखणतो, हे मलाही कळायचं, पण या दोन आवाजांच्या मधलं जे काही असतं ते फक्त तिलाच ऐकू यायचं. "लिही, एक किलो. थांब, अर्धा लिही. नको, राहू दे, निघेल अजून आठवडा." माझं पान खाडाखोडीनं भरून जायचं आणि तरी आई त्या पानावर खूश नसायची. यादी नेहमी जेवणं झाल्यावरच करायची हा तिचा नियम, कारण म्हणे रिकाम्या पोटी केलेल्या यादीत पोटच बोलतं. आणि मग रात्रभर ती यादी डब्याखाली दाबून ठेवायची, सकाळी परत वाचायची आणि वाचताना दोन-तीन गोष्टी उडवायची. रात्री ज्याच्यावाचून अडेल असं वाटत होतं ते सकाळी तितकं अडायचं नाही. खर्च कमी करायच्या बाकी सगळ्या युक्त्या मी नंतर वाचल्या, ऐकल्या, पण या सकाळच्या कात्रीइतकी बिनखर्ची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

बाबा सामान आणायला जाताना यादी निमूटपणे खिशात घालायचे आणि येताना एक तरी वस्तू यादीबाहेरची घेऊन यायचे. आई हिशेबाच्या वहीत ती 'किरकोळ'मध्ये टाकायची. वस्तूचं नाव नाही, नुसतं किरकोळ. महिन्याच्या शेवटी बेरीज मांडली की ती किरकोळची ओळ चांगली अंगापेरानं भरलेली दिसायची आणि घरात थोडा वेळ शांतता असायची. मी आता मोबाइलवर हिशेब ठेवते, त्यात रंगीत गोल आलेख येतो, पाचर पाचर दाखवतो, आणि त्यात सगळ्यात जाड पाचर 'इतर' नावाची असते. वही बदलली, एवढंच.

खरं तर बाबांना तरी किती दोष देणार, त्या काळी काउंटरवर यादी दिली की माणूस आतून सामान काढून द्यायचा, यादीत नसलेलं तुमच्या फारसं नजरेला पडायचंच नाही. तरी ते घ्यायचे ही त्यांची कमाल. आपण स्वतः मांडण्यांमधून फिरून वस्तू उचलायच्या ही पद्धत १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसानं 'पिगली विगली' या दुकानात रुजवली. नोकर कमी लागणार, म्हणून माल स्वस्त देता येणार, असा हिशेब. पण त्यानं दुकानाची रचनाच अशी केली की एका फिरत्या दांड्यातून आत शिरलं की सगळ्या मांडण्या बघत बघतच बाहेर पडायचं. म्हणजे स्वस्ताई मिळाली आणि तिच्याबरोबर यादीबाहेरचं सगळं जगही डोळ्यांसमोर आलं. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, मग त्यानं टोपल्यांना चाकं लावली. सुरुवातीला कुणी त्या ढकलगाडीला हातच लावेना. पुरुषांना बायकी वाटायची, बायका म्हणायच्या बाबागाड्या ढकलून झाल्यात आमच्या, आता पुरे. शेवटी म्हणे त्यानं पैसे देऊन माणसं आणली आणि त्यांना गिऱ्हाईक असल्यासारखं गाड्या ढकलत दुकानात फिरवलं.

हे वाचल्यापासून थोडंच सामान असेल तर मी ट्रॉलीला हात लावत नाही, टोपली घेते. हात दुखायला लागला की खरेदी संपली.

आता माझी एक खोड. मला पाकिटाची किंमत वाचताच येत नाही, मला किलोची किंमत लागते. त्यामुळे मी मांडणीसमोर मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून उभी राहते आणि नवरा "मी पुढे जाऊन रांगेत थांबतो" म्हणून सटकतो, रांग नसली तरी. पण त्या भागाकारात काय काय सापडतं! 'फॅमिली पॅक' लिहिलेला मोठा पुडा दर किलोला मधल्या पुड्यापेक्षा महाग निघतो, 'दोनवर एक फ्री' म्हणजे गरज एकाची आणि पैसे दोनाचे. आणि सगळ्यात चीड येते ती पुडा तोच, रंग तोच, किंमत तीच आणि आतलं वजन गुपचूप उतरलेलं असतं त्याची. किंमत वाढवली असती तर निदान तोंडावर वाढवली म्हणता आलं असतं. वजनाचा आकडा छापतात तोही असा कोपऱ्यात की चष्मा काढा, घाला, पुन्हा काढा. नवऱ्याचं म्हणणं, एवढा वेळ घालवून वाचवतेस किती? हा प्रश्न मी सोयीस्करपणे ऐकत नाही.

शिवाय स्वस्त मिळालं म्हणून ते स्वस्त पडलं असं नाही. मोठा पुडा घरात आला की हात सैल होतो, चमचा आपोआप शीग लावून भरला जातो. आणि जे संपत नाही ते फ्रीजच्या मागच्या रांगेत जाऊन राहतं. २०२२ या एका वर्षात जगभरात घरं, दुकानं आणि खानावळी मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अहवाल सांगतो, आणि त्यातलं साधारण ६० टक्के घराघरांतलं. माणशी वर्षाला ७९ किलो. इथे आपण पाकिटामागे चार पैसे वाचवायला भागाकार करतोय आणि तिकडे मागच्या रांगेतून किलोकिलोनं बाहेर चाललंय. आई नवीन सामान आलं की आधी जुनं पुढे ओढायची, नवं मागे लावायची, हे करताना तिला कुणी मधे बोललेलं चालायचं नाही. पाकिटावरच्या तारखांचंही तेच, 'या तारखेआधी उत्तम' ही चवीची, ताजेपणाची गोष्ट आणि 'या तारखेनंतर खाऊ नका' ही तब्येतीची, पण आमच्या घरात तारीख उलटली की दोन्ही एकाच हिशेबानं कचऱ्यात. म्हणजे मुलगी टाकते, मी पुन्हा काढते.

घरोघरच्या अशा हिशेबांवरून एका माणसानं चक्क नियम काढला होता. अर्न्स्ट एंगेल, जर्मन संख्याशास्त्रज्ञ. मार्क्सचा मित्र तो वेगळा, हा दुसरा. १८५७ मध्ये यानं बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले आणि सांगितलं की कुटुंब जितकं गरीब तितका त्याच्या खर्चातला जास्त वाटा खाण्यावर जातो. सांगितल्यावर वाटतं, यात काय सांगितलं. पण मग आपले ते सगळे सल्ले आठवतात, एकदम घ्या, महिन्याचं भरून ठेवा, मोठा पुडा घ्या, ऑफर असेल तेव्हा साठा करा. या प्रत्येक सल्ल्याला आधी हातात एकरकमी पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो रोज लहान पुडी आणतो आणि किलोला सगळ्यात जास्त दर तोच मोजतो, आणि त्याला काटकसर शिकवायला आपण मोकळे.

मीही एकदा, कॉलेजात असताना, आईला भागाकार करून दाखवला होता. की बघ, लहान पुडे आणतेस ते किती महाग पडतात. तिनं कागद नीट वाचला. म्हणाली, "माहितीये मला. विसाव्या तारखेला मोठा परवडत नाही."