भावाचं रक्त चालणार नाही

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फक्त सहा हजार. आकडा वाचून मला आधी नमुन्यातच गुठळी झाली असेल असं वाटलं, कारण मशीन अशा वेळी हमखास फसतं. पुन्हा रक्त मागवलं, स्लाइड केली. आकडा खरा होता. प्लेटलेट शोधून काढाव्या लागत होत्या. हिमोग्लोबिन ५.१, पांढऱ्या पेशी १,१०० आणि त्यात जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल जेमतेम १८०. मुलगा १९ वर्षांचा, माण तालुक्यातला.

तिन्ही पेशी एकदम घसरलेल्या दिसल्या की आपल्याकडे पहिली शंका बी-१२ची घ्यायची. पुष्कळदा तीच खरी निघते आणि इंजेक्शनांवर माणूस खुलतो. या मुलालाही गावाकडे महिनाभर तीच इंजेक्शनं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. पण बी-१२च्या कमतरतेत न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला जास्तीचे खंड पडलेले दिसतात, इथे तसं काहीच नव्हतं. कॅन्सरच्या कोवळ्या पेशीही नव्हत्या. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी, जवळजवळ शून्य. शरीर नवीन काही बनवतच नव्हतं.

बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी मीच केली. त्याच्या नडग्यांवर लाल टिपके होते, हिरड्यांतून रक्त येत होतं. सुई लावण्याआधी मी त्याचे दोन्ही अंगठे नीट पाहिले. फॅन्कोनी हा मगज बंद पडण्याचा जन्मजात प्रकार असला तर अंगठ्यांत व्यंग सापडू शकतं, आणि मग उपचाराची सगळी दिशा बदलते. अंगठे चांगले होते, तरी गुणसूत्रांची तपासणी पाठवलीच, कारण नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी काविळीसारखं झालं होतं, असं तो सहज बोलून गेला. ते मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, कारण काविळीनंतरही मगज असा बंद पडू शकतो. सुई काढल्यावर जागा बराच वेळ दाबून धरली. तो कुशीवर पडून विचारत होता, "मॅडम, बारावीचा फॉर्म राहिलाय, कधी सोडतील?"

बायोप्सीचा तुकडा हाडाचा असल्याने मऊ करायला वेळ लागतो. गुरुवारी स्लाइड हातात आली. या वयात मगजाचा मोठा भाग, साधारण ८० टक्के, पेशींनी भरलेला हवा. इथे चरबीचे पांढरे गोल एकमेकांना चिकटून बसलेले, मध्ये लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या संरक्षक पेशी तेवढ्या तुरळक. मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरले, कुठे तरी रक्त बनवणाऱ्या पेशींचं एखादं बेट सापडेल म्हणून. सापडलं नाही. अॅप्लास्टिक अॅनिमिया, म्हणजे मगजाने रक्त बनवणंच थांबवलेलं, तोही अतितीव्र.

दुपारी वॉर्डातून निरोप आला. हाडात ज्यांनी बघितलं त्यांच्याशीच आईला बोलायचं होतं.

"कॅन्सर हाय का, मॅडम?"

"नाही, मावशी."

"मग रक्त चढवा की."

चढवलेलं रक्त टिकत का नाही, हे तिला सांगणं भाग होतं. लाल पेशी १२० दिवस जगतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, न्यूट्रोफिल तर दिवसभर. मागून नवीन येत राहिल्या तरच माणूस उभा राहतो. त्या जिथून येतात त्या मूळ पेशी शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशींनी मारल्या होत्या. घरी कांदा करतात आणि त्याच्या रोपाला तरू म्हणतात हे मला ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, "राखणदारानंच वाफ्यातलं तरू उपटलंय."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वाफ्यात तरूच न्हाई, तर वावरात लावायचं काय?"

मी इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांना यापेक्षा नेमकं सांगू शकलेले नाही.

थोरला भाऊ भिंतीशी बाही दुमडूनच उभा होता. सकाळपासून तो रक्तपेढीत खेटे घालत होता आणि त्याला कुणी धड उत्तर देत नव्हतं. "माझं रक्त घ्या, मॅडम. गट एकच हाय."

त्याला नाही म्हणणं मला फार जड गेलं. मूळ पेशी भावाच्या द्यायच्या झाल्या, तर त्याआधी त्याचं रक्त या मुलाच्या अंगात जाऊ नये. अंग त्या पेशी ओळखायला लागतं आणि पुढे प्रत्यारोपण झिडकारतं. म्हणून तोवर रक्त आणि प्लेटलेट परक्यांच्याच, त्याही किरण देऊन, गाळून. भावाचा एचएलएचा, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांचा, मेळ जुळायची शक्यता चारात एक; त्यात रक्तगट मोजला जात नाही. नाही जुळला तर त्या संरक्षक पेशींना आवरणारं, घोड्याच्या रक्तापासून केलेलं एटीजी हे औषध, जोडीला त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन आणि मूळ पेशींना चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. त्याचा गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, आणि तेवढे दिवस जंतुसंसर्गापासून जपायचं. मी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा त्यानं मान हलवली आणि गावाकडच्या मित्रांना फोन लावायला बाहेर गेला.

संध्याकाळी एचएलएच्या नमुन्यासाठी त्याला बोलावलं. त्यानं मूठ घट्ट आवळून हात पुढे केला. मी पाच मिली रक्त घेतलं आणि कापूस ठेवला.

"एवढंच?" त्यानं विचारलं.

"आज एवढंच."

तो कापूस दाबून धरून ट्यूबवरचं आपलं नाव वाचत बसला.