आषाढ ते तुळशीचं लग्न: राहिलेल्या नोंदी

आषाढी एकादशीनंतर या वहीत धड एक ओळ पडलेली नाही. मध्येच एका पानावर 'मिरज, ६बी पेन्सिल संपली' एवढंच लिहिलंय, आणि पुढच्या पानावर रेल्वेतल्या चहाचा डाग. तेव्हा आज जे आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने.

दिवाळी अंकांसाठी चित्रं काढणाऱ्याचं वर्ष उलटं चालतं. लोकांकडे श्रावण असतो तेव्हा आमच्या टेबलावर आकाशकंदील लागलेले असतात, आणि लोक फराळाला बसतात तेव्हा आम्ही मानधनासाठी फोन करत असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली. त्या वर्षीही कुणी ना कुणी चित्रकार 'मजकूर कधी पाठवताय?' म्हणून मागे लागला असेलच. यंदा मात्र मजकूर वेळेत आला. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, पुढच्या वर्षी दाखवायला उपयोगी पडेल.

मोठी कामं दोन होती. एक मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरचा लेख, दुसरा रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळशिल्पांवरचा. दोन्हीकडे लिनोकट करू या, म्हणजे लिनोलियमच्या पत्र्यावर कोरून, शाई लावून छापलेली चित्रं, असा हट्ट माझाच. संपादकांना छपाईची काळजी होती, ती रास्तच होती, पण ऐकलं त्यांनी.

मिरजेला गेले तेव्हा पाऊस नव्हता, नुसतंच कुंद होतं. गल्लीत शिरलं की आधी भोपळे दिसतात. माळ्यावर, जिन्याखाली, दारामागे, जिथे जागा तिथे. हे खायचे नव्हेत, कडू असतात. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, जाड सालीचे. आधी नीट सुकवायचे, मग पाण्यात भिजवून मऊ करायचे, कापायचे, आतून काड्यांचा ताण देऊन हवा तसा आकार धरायला लावायचा आणि पुन्हा वाळवायचे. दांडीला तुणाचं लाकूड. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी इथे हे काम सुरू केलं आणि त्यांच्या वंशजांची, शिष्यांची घरं अजून तेच करताहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने काय फरक पडला, असं एका दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, चौकशीचे फोन वाढले. घेणारे तेवढेच आहेत."

मी रमले ती जवारीपाशी, म्हणजे घोडी घासून आवाज जमवण्याच्या कामापाशी. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा भाग सपाट नसतो, अगदी किंचित गोलाई असते त्याला. तार त्या गोलाईवर घासत थरथरते, म्हणून तो भरलेला, झणझणीत आवाज येतो. घोडी पूर्वी सांबरशिंगाची करत; त्यावर आता बंदी आहे. एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची एक घोडी घेऊन बसले होते. कानस दोनदाच फिरवायची, फुंकर मारायची, घोडी जागेवर बसवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि छेडायचं. पुन्हा तार सैल करून घोडी बाहेर. पुन्हा कानस, या खेपेला एकदाच. तासभर हेच चाललं होतं. माझ्या कानाला तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर काही फरक कळेना, पण त्यांची मान मात्र दर वेळी वेगळी हलत होती. जास्त घासलं गेलं तर काय करता, असं विचारलं. म्हणाले, "घोडी दुसरी करता येते हो. गिऱ्हाईक दुसरं कुठून आणू?" आणि स्वतःच हसले.

संध्याकाळी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात जाऊन आले. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. ते १९३७ साली गेले, आणि उरुसात अजूनही तिथे गाणं होतं. मी गेले त्या दिवशी काहीच नव्हतं. दोन पोरं अंगणात सायकल शिकत होती. त्यांचं रेखाटन बरं झालंय, अंकात मात्र नाही घेतलं.

परत आल्यावर गणपतीपर्यंत नुसतं कोरणं. लिनो पावसाळ्यात गारठून कडक होतो, त्यामुळे आधी इस्त्रीने जरा कोमट करून घ्यावा लागतो. आणि मग मिरजेच्या चित्रांनी घाम काढला, कारण तार. लिनोत तार कोरता येत नाही. तारेच्या अलीकडचं कोरायचं, पलीकडचं कोरायचं आणि मध्ये केसाएवढा कणा उभा ठेवायचा. शाई त्याच कण्याला लागते. तंबोऱ्याला चार तारा. त्यात सांगली-कोल्हापूरकडची माणसं चित्रातल्या तारासुद्धा मोजतात, हे संपादकांनी आधीच बजावलं होतं. छाप वाळेनात म्हणून गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावले. शेजारच्या काकूंना वाटलं मी घरबसल्या भांड्यांच्या दुकानाच्या जाहिराती छापतेय.

विसर्जनानंतर कोकण. गौरी-गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं आपल्यासारख्यांच्या नशिबात नाही, म्हणून मुद्दाम गर्दी ओसरल्यावर निघाले. त्याचा तोटा असा की सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, गवत कंबरेएवढं. फायदा असा की त्या गवतात जे जे फुललेलं असतं, ते सगळं बघायला मिळालं. पाणथळ जागी सीतेची आसवं, गेंद, कडेला सोनकी, तेरडा. दिपकाडी जून-जुलैतच येऊन जाते, ती यंदाही हुकली.

कातळशिल्पं म्हणजे जांभ्याच्या उघड्या सड्यावर, आडव्या जमिनीत कोरलेल्या आकृत्या. गुहा नाही, भिंत नाही. आभाळाकडे तोंड करून आहेत सगळ्या. गावकऱ्यांना त्या कधीच्या ठाऊक होत्या. कोकणात न कळणारं जुनं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं असतं, तसंच हेही. पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गुराख्यांना विचारत, सडे पायाखाली घालत त्यांच्या रीतसर नोंदी केल्या, तेव्हा आकडा हजाराच्या वर गेला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं फणसायमाळ. वयाबद्दल अजून वाद आहेत, पण मध्याश्मयुगापर्यंत मागे नेणारे अभ्यासक आहेत. गेंडा, पाणघोडा असे आज इथे औषधालाही न सापडणारे प्राणी त्यात आहेत, त्यावरून काय ते समजावं.

उक्षीचा हत्ती पहिला. त्याच्याभोवती गावाने गोल भिंत घातलीय, तिच्यावर चढून बघायचं. फोटोवाल्यांना ही भिंत खटकते, मला नाही. त्याहून जास्त खटकते ती चरांमध्ये खडूची पूड भरून फोटो काढायची खोड. चित्र उठून दिसावं म्हणून हजारो वर्षांच्या रेघेत पांढरं भरायचं, आणि निघताना झाडायचंही नाही. सकाळी साडेसात किंवा संध्याकाळी पाचला जावं, तिरप्या उन्हात सावली आपोआप चरात भरते, फुकट.

कशेळीचा हत्ती बघितला आणि मी खाली बसले. अठरा मीटर बाय तेरा मीटर. उभं राहून तो दिसतच नाही, आपण त्याच्या पायावर उभे असतो आणि सोंड शोधत असतो. बरोबर आलेल्या काकांनी खराट्याने एक बाजू झाडून दिली, म्हणाले, "आता इकडून चालत या, डोळे खाली ठेवून." चालत गेले तर हत्तीच्या अंगात आणखी प्राणी. पाकट, शार्कसारखा मासा, चार पायांचं कायकाय. म्हणजे हे चित्र एका नजरेत बघण्यासाठी काढलेलंच नाही. काढणाऱ्यालाही ते पूर्ण कधी दिसलं असेल? झाडाबिडावर चढून पाहिलं असेल म्हणावं, तर सड्यावर झाड कुठलं! तरी प्रमाण बिघडलेलं नाही. मी ए-थ्री कागदावर मांजर काढताना शेपूट कागदाबाहेर घालवते.

देवाच्या गोठण्याला मोबाइलमधलं होकायंत्र लावून बघितलं. तिथल्या आकृतीजवळ सुई भलतीकडेच वळते, हे वाचलं होतं, तसंच झालं. दगडातल्या चुंबकत्वाचा परिणाम. कोरणाऱ्यांना त्याचा सुगावा होता का, यावर काका आणि गाडीवाला यांच्यात राजापुरात पोचेपर्यंत वाद चालला. मी त्यात पडले नाही, वडापाव खात होते.

बारसूच्या सड्यावर मधोमध माणूस आणि दोन्हीकडून झेपावणारे वाघासारखे प्राणी आहेत. याच सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि गावं आडवी आली, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंय. रस्त्यात चिरेखाणीही लागतात. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा-पाणी लागून टणक होतो, म्हणून तर घराला चांगला. यंत्राची गोल पाती सरळ रेघेत फिरते आणि चौकोनी चिरे सुटत जातात. एक खाण सड्याच्या अगदी काठापर्यंत आलेली पाहिली. चिरा नको असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, मी राहिले ते घरही चिऱ्याचंच होतं. पण खाणीचा परवाना देण्याआधी त्या सड्यावर एकदा कुणीतरी खाली बघत चालावं, एवढं तरी व्हायला काय हरकत आहे?

ही चित्रं कोरायला मात्र सोपी गेली. तिथे चर हीच रेघ, लिनोतही चर हीच रेघ. हात आपोआप चालत होता. शाई जांभ्याच्या रंगाची मिसळली, तांबडा, थोडा काळा, चिमूटभर पिवळा. छापल्यावर लालसर पटावर कागदाचा पांढरा हत्ती. मिरजेत रेघ वाचवायची होती आणि इथे काढून टाकायची होती. एका मोसमात लागोपाठ दोन्ही केल्यामुळे मनगट जे धरलंय ते अजून सुटलेलं नाही.

वाचन म्हणाल तर गाडीत झालं तेवढंच. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता, यंदा सावकाश वाचला. पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक, कर्ज फेडायचं म्हणून १८५७ साली चुलत्याबरोबर मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघतो आणि थेट बंडात सापडतो. झाशी पडली तेव्हा हा आत. मिळवलेलं वाटेत लुटलं जातं आणि शेवटी घरी काय आणतो, तर आईबापांना स्नान घालायला कावडीतून गंगा. मला स्वारस्य वाटलं ते पुस्तकाच्या घडणीत. चिंतामणराव वैद्यांनी भटजींकडून हे लिहून घेतलं आणि भटजी गेल्यावर १९०७ साली छापलं, पण बरंच कापून, फिरवून. मोडीतलं मूळ हस्तलिखित मात्र टिकलं, भारत इतिहास संशोधक मंडळात आलं, आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून मूळ मजकूर छापला. वैद्यांवर लोक चिडतात, मी नाही चिडत. त्यांनी कापलं, पण कागद फेकला नाही. दगडाच्या बाबतीत एवढी सोय नसते. जवारीच्याही नसते, नि लिनोच्याही.

बाकीचं भराभर. फराळातली चकली यंदा विकतची. अंक वसुबारसेला हातात आले, छपाई अपेक्षेपेक्षा चांगली, कशेळीचा हत्ती दोन पानांवर पसरलाय आणि पिना नेमक्या त्याच्या सोंडेतून गेल्यात. दोन-तीन अंकांची मुखपृष्ठं यंत्राकडून करून घेतलेली दिसली, एकावर लक्ष्मीच्या हाताला सहा बोटं. त्यावर बोलायचं नाही असं ठरवलंय. मानधन अजून यायचंय. स्वतः एकही अंक पुरता वाचलेला नाही, ढीग उशाशी आहे.

जानेवारीत कुडोपी. तोवर जवळच्या शाळेत सातवीच्या मुलांना छापचित्रं शिकवायचं कबूल केलंय. मुख्याध्यापिका कोरणी हातात द्यायला तयार नाहीत, टोकदार वस्तूंची त्यांना धास्ती, आणि ते बरोबरच आहे. मग कपडे धुण्याच्या साबणाच्या वड्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, असं ठरलं. काल घरी करून बघितलं, वडी जुनी असेल तर भुगा होतो, ताजी असेल तर सुरेख चर पडतो. उद्या किराणावाल्याकडे चाळीस ताज्या वड्या सांगून ठेवायच्या. शाई पाण्यात मिसळणारी घ्यायची, नाहीतर आयांचे फोन यायचे.