तुम्ही विचारलंत म्हणून: माझं मत आणि गाडीचं इंजिन

प्रश्न दोन आहेत आणि दहा वर्षं झाली तरी थांबत नाहीत. पहिला आपले लोक विचारतात, बहुतेक गणपतीत, हातात ताट असताना: "भारतीय असून तू स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलंस?" दुसरा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात येतो. माझ्या क्लॅन क्रुसेडरचं इंजिन मागे आहे, मूळचं हिल्मन इंप गाडीचं. मी मागचं झाकण उघडलं की कुणीतरी वाकून बघतो आणि नाक मुरडतो: "इंपच्या जागी हे जपानी काय बसवलंयस?" दोन्हींना मी आजवर हसून वेळ मारून नेली आहे. आता एकदाच लिहितो.

आधी तिसरा, पोटप्रश्न: तुला मत होतंच कसं? होतं. 2014च्या सार्वमतात स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या आणि इथे राहायची परवानगी असलेल्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मत होतं. प्रजासत्ताक होऊनही कॉमनवेल्थमध्ये राहायचं, असं भारताने 1949 मध्ये ठरवलं, म्हणून माझ्या हातात मतपत्रिकेवर खूण करायची ती पेन्सिल आली. साहेबाचं राज्य गेलं तरी साहेबाच्या क्लबात राहिलेल्या देशाचा नागरिक मी. दुसऱ्या कुणी त्याच साहेबापासून वेगळं व्हावं का, हे मला विचारलं जात होतं. हे विचित्र आहे हे मला कळतं. दर वेळी नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

आता गाडी. क्लॅन क्रुसेडर. 'क्लॅन' म्हटल्यावर स्कॉटिश वाटते, पण ही बनली इंग्लंडात, डरम परगण्यातल्या वॉशिंग्टनला, 1971 ते 1974. सगळं अंग फायबरग्लासचं, वजन सहाशे किलोच्या आत, दोन माणसं बसतात आणि तिसरी पिशवीसुद्धा नको म्हणते. इंजिन मागे, हिल्मन इंप स्पोर्टचं: 875 सीसी, 51 हॉर्सपॉवर, संपूर्ण ॲल्युमिनियमचं, 45 अंशांत आडवं केलेलं. इंप ग्लासगोच्या पश्चिमेला लिनवूडला बनायची. म्हणून जाणकारांच्या लेखी या इंग्लिश गाडीत एवढीच एक स्कॉटिश वस्तू.

पण तीही कितपत स्कॉटिश? सरकारने इंपच्या कंपनीला इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत कारखाना वाढवू दिला नाही, बेकारी होती तिथे जा म्हटलं, म्हणून 1963 मध्ये लिनवूड उभं राहिलं. इंजिनाचं ओतकाम लिनवूडला व्हायचं. ते ओतीव भाग कॉव्हेंट्रीला जायचे, तिथे मशिनिंग आणि जुळणी होऊन इंजिन परत लिनवूडला यायचं. जाऊन-येऊन सुमारे 600 मैल. मग गाडी विकायला पुन्हा दक्षिणेला. इंजिनाचा मूळ आराखडा कॉव्हेंट्री क्लायमॅक्स या कंपनीचा, आणि त्याचं मूळ आगीच्या बंबावरच्या पंपात. शोधा आता रक्त.

हे सगळं मला शेजाऱ्याने सांगितलं. तो सतराव्या वर्षी लिनवूडच्या ओतशाळेत लागला आणि 1981 मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा इतरांबरोबर घरी बसला. मी ती गाडी इंजिनाशिवाय, नुसता सांगाडा म्हणून विकत घेतली, तर दुसऱ्या दिवशी हा माणूस हातगाडीवर एक इंप इंजिन घेऊन दारात. "हे कदाचित मीच ओतलेलं असेल," म्हणाला. नसणारच, पण मी काय बोलणार. दोन हिवाळे आम्ही त्याच्या शेडमध्ये ते इंजिन जुळवलं. म्हणजे त्याने जुळवलं. मी पाने दिले आणि वाद घातला.

वाद एकच. त्याचं म्हणणं, कारखाना कुठे काढायचा ते दुसरीकडे ठरलं आणि बंद करायचंही दुसरीकडेच ठरलं. आमचं नशीब आम्ही ठरवू, चुकलो तर आमचं आम्ही चुकू. माझं म्हणणं, चलन कुणाचं वापरणार ते आधी सांग. 2014च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे अर्थमंत्री ऑस्बोर्न एडिनबरात येऊन बजावून गेले होते की पौंडात भागीदारी मिळणार नाही. ऑगस्टच्या जाहीर वादात 'नाही'च्या बाजूच्या डार्लिंग यांनी 'हो'च्या बाजूच्या सॅमंड यांना, स्कॉटलंड सरकारच्या प्रमुखांना, पर्यायी योजना काय म्हणून खिंडीत गाठलं, ते आम्ही शेडमधल्या रेडिओवर ऐकलं, आणि मी जिंकल्यासारखा टेबलावर हात आपटला. मी त्याला आमच्या मरुत या लढाऊ विमानाची गोष्टही सांगितली. जर्मन अभियंता कुर्ट टांकने हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी (आताचं हिंदुस्थान एरोनॉटिक्स) विमान बनवलं, 1961 मध्ये उडालं, दिसायला देखणं. पण ज्या ताकदवान ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर त्याची आखणी केली होती ते इंग्लंडात पूर्ण झालंच नाही. जुन्या कमजोर इंजिनावर ते आयुष्यभर धापा टाकत राहिलं. "सांगाडा स्वतःचा, इंजिन दुसऱ्याचं, हे असलं स्वातंत्र्य काय कामाचं?" असं मी म्हणालो. या वाक्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

18 सप्टेंबरला, गुरुवारी, मी 'नाही'वर खूण केली. त्याला सांगितलं नाही.

इंजिन शुक्रवारी संध्याकाळी चालू करायचं आमचं आधीच ठरलं होतं, निकाल काहीही लागो. पहाटे लागला: 'नाही' 55 टक्के, 'हो' 45. ग्लासगोने 'हो' म्हटलं, पण लिनवूड ज्या रेन्फ्रूशरमध्ये आहे तिथेही 'नाही'च पुढे. दुपारी सॅमंड यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. मी संध्याकाळी शेडमध्ये गेलो तेव्हा त्याने सगळी तयारी करून ठेवली होती. जमिनीवर जुनी चादर, तिच्यावर कूलंटचा डबा आणि फनेल. एक काम माझ्याकडे होतं: कूलंट भरायचं आणि नळ्यांमधली हवा काढायची. इंपचा रेडिएटर मागे, इंजिनाशेजारीच असतो. हवा अडकली की पाणी फिरत नाही, आणि हे त्याने मला दहा वेळा सांगितलं होतं.

मी कूलंट ओतत असताना त्याने विचारलं, "तू कुठे खूण केलीस?"

खोटं बोललो असतो तर आज हा लेख नसता. मी खरं सांगितलं. आणि मग, तो काही बोलायच्या आत, मीच बोलत सुटलो. चलन, पेन्शन, तेलाचे भाव, युरोपीय संघात राहायचं तर ब्रिटनमध्येच राहिलं पाहिजे, सगळं. झाकण लावलं. हवा काढलीच नाही. त्याने किल्ली फिरवली आणि इंजिन दुसऱ्या झटक्यात बोललं. इतका सुरेख आवाज, शिलाई मशीनसारखा, की आम्ही दोघं क्षणभर सगळं विसरलो. मी पुन्हा सुरू झालो. तापमानाचा काटा मधोमध होता, मी मुद्दाम बघत होतो. सेन्सर वाफेच्या पोकळीत असेल तर काटा खोटं सांगतो हे मला नंतर कळलं. आधी गोड वास आला, कूलंटचा. मग आवाज जड झाला. त्याने किल्ली बंद केली तोवर हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, खालून पांढरी वाफ येत होती.

तो ओरडला नाही. ओरडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने हेड काढून बाकावर उलटं ठेवलं, त्यावर लोखंडी पट्टी उभी धरली आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं एकेक करून खाली सरकवली. जितकं जाड पान जाईल तितकं हेड वाकलेलं. 0.05 मिलिमीटरचं गेलं. 0.10 गेलं. 0.20 गेलं. 0.30 पण गेलं, जराही न अडकता. ते पान त्याने दोनदा आत-बाहेर केलं, मला दिसावं म्हणून. मग पुसून परत घडीत घातलं आणि म्हणाला, "तू बोलत होतास."

एवढंच. मी भांडायला तयार होतो, त्याने भांडायला काही दिलंच नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. जपानी इंजिन मी बसवलेलं नाही. मी तीन महिने हट्ट धरून होतो की हेड घासून घेऊ, नाहीतर दुसरं इंप इंजिन शोधू, या गाडीत लिनवूडचंच पाहिजे. होय, 'नाही'वर खूण करणारा मी हे म्हणत होतो. आणि तो, खिडकीत स्कॉटलंडचा निळा झेंडा लावणारा, एके दिवशी भंगारातून सुझुकी स्विफ्ट जीटीआयचं 1.3 लिटरचं इंजिन घेऊन आला. अडॅप्टर प्लेट त्यानेच कापली, फ्लायव्हील त्यानेच जुळवलं. का, असं मी विचारलं. "स्वस्तात मिळालं." दुसरं उत्तर त्याने आजपर्यंत दिलेलं नाही. मी त्यातून बरेच अर्थ काढून पाहिले: मला शिक्षा, लिनवूडचा राग, किंवा इंजिन कुणाचं यापेक्षा गाडी चालणं मोठं असा काही विचार. कदाचित खरंच स्वस्तात मिळालं असेल.

गंमत अशी की ते चालू झालं तेव्हा मला ओळखीचा आवाज आला. सुझुकीच्या त्याच जी13 घराण्यातलं 1.3 लिटरचं इंजिन आमच्या मामाच्या मारुती एस्टीममध्ये होतं. आम्ही त्या गाडीला कधी जपानी म्हटलं नाही.

आणि इथे मला 2014च्या त्या शहाण्याला दोन शब्द सुनवायचे आहेत. चलन दुसऱ्याचं तर स्वातंत्र्य कसलं, असं विचारणाऱ्या गाढवा, 1949 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा रुपयाचंही त्याच प्रमाणात झालं. आयर्लंडचा पौंड 1979 पर्यंत इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता. ते देश स्वतंत्र नव्हते? युरोपचा मुद्दा तर बोलूच नको. 2016च्या ब्रेक्झिटच्या मतदानात स्कॉटलंडच्या 62 टक्क्यांनी संघात राहायचं म्हटलं आणि तरी बाहेर जावं लागलं. निकालाच्या सकाळी शेजारी कुंपणापाशी भेटला. त्याने फक्त हवामानाबद्दल विचारलं. त्या दिवशी त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण लगेच खूश होऊ नका. माझं मत चुकलं असं मी म्हणत नाहीये. मरुतही खोटं नव्हतं, धापा टाकतच उडालं. 'हो'वाल्यांची भिस्त असलेल्या तेलाचे भाव सार्वमतानंतर काही महिन्यांतच कोसळले, त्याचं काय? आणि परक्या माणसाने यजमानांचं घर मोडण्याच्या बाजूने मत द्यावं का, हा संकोचही खरा होता. मामेभाऊ म्हणतो, हा संकोच नाही, भित्रेपणा. असेल.

"पुन्हा सार्वमत झालं तर?" हा नवा प्रश्न हल्ली सुरू झालाय. लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला ते घेता येणार नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये सांगितलंय, त्यामुळे सध्या मी सुटलोय. गाडीचं मात्र सुटलेलं नाही. इंपचा गिअरबॉक्स 51 हॉर्सपॉवरसाठी, त्याला आता साधारण दुप्पट ताकद सोसावी लागते, आणि मागच्या महिन्यापासून तिसऱ्या गिअरला कुरकुर ऐकू येतेय. शनिवारी तो उघडायचाय. शेजाऱ्याने सांगून ठेवलंय, मी फक्त पाने द्यायचे.