अलाबामा १९६०: केनेडीला नेमकी मतं किती लिहायची?

१९६० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचे (डेमोक्रॅट केनेडी विरुद्ध रिपब्लिकन निक्सन) काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, नकाशे करतोय. मिसिसिपी आणि लुइझियाना उरकले तेव्हा वाटलं होतं, अलाबामा एका रविवारात हातावेगळा होईल. तीन रविवार गेले.

मिसिसिपीत काम सरळ होतं. लोक मतं देतात ती इलेक्टरांना, आणि ते पुढे राज्याच्या वतीने अध्यक्ष निवडतात. कुणालाही न बांधलेल्या (मोकळ्या) इलेक्टरांची यादी वेगळी, केनेडीची वेगळी. पहिली जिंकली, आठही मतं व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना. अलाबामात मात्र डेमोक्रॅटांची ११ जणांची एकच यादी, आणि पक्षांतर्गत निवडणुकीतून तिच्यात सहा मोकळे नि पाच केनेडीनिष्ठ निवडून आलेले. त्यात मतदान इलेक्टरगणिक, म्हणजे एकेका मतदाराच्या हाती ११ मतं. (आपली प्रभाग पद्धत आठवते, फक्त अ, ब, क, ड असे गट नाहीत.) अकराही जिंकले. डिसेंबरात सहा मतं बर्डला गेली, पाच केनेडीला.

पहिला रविवार टायपिंगमध्येच गेला. ६७ काउंट्या गुणिले ११ रकाने, ७३७ चौकटी. माजी गव्हर्नर फ्रँक डिक्सन यांच्या रकान्याची बेरीज ३,२४,०५० यायला हवी, तर बरोबर ५,००० कमी. फरक असा गोल आला की समजावं, हजाराच्या घरात ८ चा ३ झालाय. झालाच होता. स्कॅन फिकट आणि माझा चष्माही जुना.

दुसऱ्या रविवारी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्ता नकाशाला जोडला, तर एकही काउंटी रंगेना. अलाबामातल्या काउंट्यांचा कोड ०१ ने सुरू होतो आणि एक्सेलने पुढचं शून्य गिळलेलं. नावावरून जोडलं तर ६५ जुळल्या, दोन पांढऱ्या: ‘सेंट क्लेअर’मधला टिंब आणि ‘डीकॅल्ब’मधली मोकळी जागा. रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, एवढंच सांगेन.

खरा घोळ त्यानंतर. सर्वाधिक मतांचा मोकळा इलेक्टर ३,२४,०५०, सर्वाधिक मतांचा केनेडीनिष्ठ ३,१८,३०३, निक्सनचा २,३७,९८१. बेरीज ८,८०,३३४, आणि मतदान तर पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास! पहिल्या दोन आकड्यांत फरक जेमतेम ५,७४७. म्हणजे बहुतेकांनी डोळे मिटून अख्ख्या यादीला मत दिलं. तीच माणसं दोन्हीकडे मोजली जाताहेत. सगळं श्रेय केनेडीला दिलं, तर देशभरात तो १,१२,८२७ मतांनी पुढे राहतो. ३,२४,०५० चे अकरा भाग करून पाच त्याला आणि सहा मोकळ्यांना दिले, तर त्याच्याकडे १,४७,२९५ उरतात आणि देशात निक्सन सुमारे ५८,००० ने पुढे जातो. एका राज्याच्या हिशेबाने देशाचा आकडा पालटतो! दुसरी रीत मला कागदी वाटते, कारण पाच-अकरांश मत कुणी दिलंच नव्हतं. पण पहिलीही खरी नाही. म्हणून मी भागाकार सोडला, डेमोक्रॅट काउंट्यांना निळे-पिवळे पट्टे भरले आणि खाली तिन्ही आकडे, बेरीज न करता.

नकाशाच्या सूचीच्या कोपऱ्यात अलाबामातल्या डेमोक्रॅटांचं तेव्हाचं पक्षचिन्ह काढलंय: कोंबडा, आणि त्याच्यावरच्या पट्टीत ‘गोऱ्यांचं वर्चस्व’. हे शब्द पक्षाने १९६६ मध्ये हटवले. ते चिन्ह काढल्यावर लाऊंड्स काउंटी तशीच सोडवेना. तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची, आणि १९६० मध्ये मतदारयादीत त्यांच्यातला एकही नाही. शेजारच्या विलकॉक्समध्येही तेच. या दोन्हींवर पट्ट्यांखाली करडा थर टाकलाय. छापल्यावर तो गढूळ दिसतो, बहुधा छटा बदलावी लागेल.

निक्सनचे ११ रकाने कोरेच आहेत. सुरुवात उत्तरेच्या विन्स्टनपासून करतोय. १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटला तेव्हा विरोध करणारी ही डोंगराळ काउंटी, शंभर वर्षांनंतरही रिपब्लिकनच. तिला निखळ लाल भरायचा आहे, पट्टे नाहीत.