कचकच

रस्त्याकडेला पाटे-वरवंटे मांडून बसलेल्या पाथरवटाकडे खल घ्यायला गेले आणि भाव विचारायचा सोडून "मला शिकवाल का?" असं विचारून बसले. टळटळीत दुपार, गिऱ्हाईक नाही. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि एक फुटका तुकडा पुढे सरकवला. "घ्या ताई. हा बिघडून बिघडून किती बिघडणार?"

टाकी सरळ धरली की दगडावर नुसता पांढरा ठिपका उमटतो. तिरपी धरली की खपली उडते. विद्या एवढीच, बाकीचं मनगटाला कळावं लागतं, आणि माझं मनगट कीबोर्डवर पोसलेलं. आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो माझ्यासाठी कशाला घाई करेल? तासाभरात टाकी बोथट, दगडाला जेमतेम खळगी. "मारू नका, ऐका," तो म्हणाला. सलग दगड खणखणतो, आत चीर असली की बद्द वाजतो.

हा खणखणाट माझ्या ओळखीचा. लहानपणी "टाकीऽऽ लावायचीऽऽ" अशी हाळी आली की आजी पाटा अंगणात काढायची. आम्हा पोरांना लांब पिटाळायचे, डोळ्यांत कपच्या जातील म्हणून. टाकी लावणारी बाई मात्र पापणीसुद्धा न लववता ठोकत राहायची. मग पाटा धुवायचा, मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ वाटून फेकून द्यायचं. तरीही पहिल्या चटणीला आजोबांच्या दाताखाली कच यायचीच. ते घास तोंडात धरून थांबायचे, सगळी पंगत थांबायची. आजी म्हणायची, "दगडावर वाटलंय, लोण्यावर नाही."

टाकीचे घाव आणि देवपण ही म्हण मला कधीच आवडली नाही. दगडाला विचारलं होतं का कुणी? आणि घाव घालणाऱ्याच्या खांद्याचं काय?

नाणेघाटात तो दगडी रांजण आहे ना, जकातीची नाणी त्यात टाकत म्हणतात. पूर्वी आम्ही त्याच्याशी फोटो काढायचो. आता वाटतं, तो घडवणाऱ्यानं आतल्या बाजूला टाकी तिरपी धरलीच कशी असेल?

माझी वाटी चार दुपारींनंतर बोटाच्या एका पेराएवढी खोल झाली. एका कडेला टवका उडालाय, बुडाशी डुगडुगते. चटणीबिटणीचं नाव नको. दाराशी ठेवलीय. भाजीवाल्याकडून आलेली सुट्टी नाणी त्यात टाकते.