आज ना काय झालं

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. कालची गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. गोष्ट तरी कसली, एक अर्धं वाक्य.

रेवाला काल उशीर झाला. साडेसातला घरात असते, सव्वाआठ होऊन गेले होते. ओट्यावर फोन उभा करून मी नकाशावरचा तिचा ठिपका बघत होते. क्लास सुटला, ठिपका निघाला, मोठ्या रस्त्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग त्याच्याभोवतीचं ते फिकट निळं वर्तुळ फुगायला लागलं. बघता बघता त्यात दोन गल्ल्या आल्या, मैदानही आलं. याचा अर्थ मला आता कळतो. उघड्यावर फोन उपग्रहांवरून जागा काढतो, ती साधारण पाचेक मीटर इकडेतिकडे. छताखाली गेला की वायफाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि वर्तुळ मोठं होतं. म्हणजे ती कुठेतरी आत गेली होती. तिथे तिच्या ओळखीचं कोणी राहत नाही. दोनदा फोन केला, उचलला नाही. बॅटरी ३४ टक्के. तेही दिसतं, म्हणजे फोन बंद नव्हता. चाळीस मिनिटं मी त्या वर्तुळाकडे बघत काढली. त्या वेळात मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. मार्चमधल्या त्या प्रकारानंतर माझं मन कुठवर जातं, ते माझं मला ठाऊक.

शेवटी ठिपका हलला. जिन्यात पावलं वाजली तेव्हा मी फोन पालथा घातला.

ती दारातच खाली बसली, बूट काढायला. उजव्या नाडीची निरगाठ झाली होती, ती नखांनी सोडवत होती. मान वर न करताच म्हणाली, "आई, आज ना काय झालं..."

आवाज वेगळा होता. रडवेला म्हणावा तर तसाही नव्हता. ओंजळीत काहीतरी सांभाळून आणावं आणि आता हे ठेवू कुठे म्हणून बघावं, तसा काहीसा.

आणि मी म्हणाले, "हो, पाहिलं मी. चाळीस मिनिटं तिथेच होतीस."

तिची बोटं थांबली. "पाहिलंस? मग झालं तर." गाठ तशीच ठेवून टाचेने बूट ओढला आणि आत गेली.

जेवताना विचारलं, काय झालं होतं गं? "काही नाही." झोपायच्या आधी पुन्हा विचारलं. "तुला दिसलं ना सगळं." चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला बोलता तरी आलं असतं. तिने साधं, खरं वाटतं ते सांगितलं. आईला दिसलं, आता सांगायचं काय उरलं?

अनिकेत म्हणतो, सुखरूप आली ना, मग संपलं की. संपलं कसं? चाळीस मिनिटं तो नव्हता त्या ओट्याशी. कधीच नसतो. काळजी करायचं काम जणू माझ्याच नावावर लिहून दिलंय सगळ्यांनी. घाबरायचं मी, फोन लावायचे मी, आणि वर चुकायचंही मीच. आज दुपारी यावरून रडूही आलं. असो.

काय झालं असेल? कोणीतरी पडलं असेल, ही मदतीला थांबली असेल. एखादी मैत्रीण रडत असेल. किंवा कोणीतरी तिला काहीतरी बोललं असेल. चांगलं की वाईट, इतकं तरी कळायला हवं होतं. ती कुठे होती हे मी नकाशावर बोट ठेवून सांगू शकते, आणि तिथे काय झालं त्यातलं मला अक्षरही माहीत नाही.

आज तिचे जुने मेसेज वर सरकवत मार्चपर्यंत गेले. "पोचले." "निघाले." "बस गेली, चालत येतेय, आणि एक कुत्रं केव्हाचं माझ्यासोबत चालतंय, काय करू?" त्या कुत्र्यावर तिचे सहा मेसेज आहेत. मार्चनंतर नुसती मीच आहे. "चार्जर घेतलास का?" "अजून तिथेच?" आणि खाली तिचा अंगठा. "पोचले" यायचं कधी बंद झालं, माझ्या लक्षातच आलं नाही. यायची गरजच नव्हती. ती पोचायच्या आधी मला कळत होतं.

हे सगळं सुरू केलं तेव्हा मी रात्री रात्री वाचत बसायचे. तेव्हा कळलं की ते उपग्रह कोणालाच बघत नसतात. २०,२०० किलोमीटरवरून ते फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत फिरतात. फोन त्यातल्या निदान ४ जणांचं ऐकतो आणि स्वतः कुठे आहे ते स्वतःच काढतो. खाली रेवा आहे हे वर कोणाच्या गावीही नसतं. चुगली करतो तो तिचाच फोन. आणि त्याला तशी मुभा मी तिच्या हातात हात धरून दिली. एक तास की "बंद करेपर्यंत", असं विचारलं होतं त्याने. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. ती काही बोलली नाही. अजूनही तिने बंद केलेलं नाही, हे मात्र मला विसरून चालणार नाही. मनात आणलं तर एका क्षणात करेल.

आणखी एक वाचलं होतं, ते आज फार आठवतंय. २००० सालच्या मेपर्यंत सामान्य माणसांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये, हे उपग्रह ज्यांचे ती अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा १०० मीटरपर्यंत चुकायची. पुढे ती चूक काढून टाकली. १०० मीटर म्हणजे काय, एक अख्खी गल्ली मावते त्यात. मी तिच्या वयाची होते तेव्हा माझ्या आईला तर एवढंही दिसत नव्हतं. ती दारात उभी राहायची, आणि मी सांगेन तेवढंच तिला कळायचं. बरंचसं खरंच सांगायचे मी. एक गोष्ट अजून सांगितलेली नाही, आता सांगून उपयोगही नाही. पण आईने माझं वाक्य अर्ध्यात तोडलेलं मला आठवत नाही. तोडणार कशाच्या जोरावर?

ठिपका मी बंद करणार नाही. तेवढी माझी छाती नाही. उशीर झाला की बघणार, हे मला आत्ताच माहीत आहे. पण बघितलेलं लगेच तोंडाबाहेर काढायला नको, एवढं जमावं.

आज साडेसहालाच फोन खणात टाकला. तीनदा खणापाशी गेले, एकदा उघडलाही. ती साडेसातला आली, कालच्या तशाच गाठीच्या बुटात सकाळी पाय कोंबून गेली होती. आल्यावर पुन्हा टाचेने ओढायला लागली.

"दाखव इकडे," म्हणून मी खाली बसले. तिने पाय पुढे केला. थोडा वेळ तसाच गेला. मग म्हणाली, "आज कुठे होता गं माझा ठिपका?"

"बघितलाच नाही आज."

तिने माझ्याकडे बघितलं, खरं बोलतेय का ते. मग भिंतीला टेकून बसली.

"क्लासला नवीन सर आलेत. फार भरभर बोलतात. फळ्यावर लिहितात आणि आमचं उतरवून व्हायच्या आत पुसतात."

"मग तू काय केलंस?"

"थांबा म्हटलं. सगळ्यांसमोर."

कालचं मी विचारलं नाही. नाडी ओलसर होती, गाठ घट्ट बसली होती, सुटायला बराच वेळ लागला. मीही ती जरा सावकाशच सोडवली.